एक इशारा, अनेक इंजिने

डोंगरी-उत्तन भागातून रोज सकाळी बस पकडून भाईंदर स्टेशन गाठणारे आपले कितीतरी बंधुभगिनी लोकलने कामावर जातात. त्यांना कोणी विचारले की, "तुमच्या गाडीला इंजिने किती?" तर बहुतेकांचे उत्तर येईल, "लोकलला कुठे इंजिन असते?" पण फलाटावर उभे असताना एकदा गाडीच्या टपाकडे नीट पाहावे. वरच्या तारेला टेकलेले पेंटोग्राफ मोजावेत. बारा डब्यांच्या गाडीवर साधारणपणे चार पेंटोग्राफ दिसतात. ज्या डब्यावर पेंटोग्राफ, त्या डब्याखाली मोटारी. म्हणजे आपण रोज ज्या गाडीने जातो तिला एक सोडून चार इंजिने आहेत, फक्त ती डब्यांच्या पोटात दडलेली आहेत. मोटरमन पुढे बसून एकच दांडा फिरवतो आणि चारही ठिकाणच्या मोटारी एकदम जोर लावतात.

अनेक इंजिने एकत्र लावून गाडी ओढणे ही गोष्ट आपल्याकडे रेल्वेइतकीच जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली. तिला १४ डबे होते आणि ओढायला तीन इंजिने होती. साहिब, सिंध आणि सुलतान अशी त्यांची नावे. त्या दिवशी तीन इंजिने लागली, आज लांब मालगाडीला सहा-सात लागतात. परंतु इंजिने नुसती वाढवली म्हणजे काम भागते असे मात्र नाही. त्यांच्यात मेळ नसेल तर तीच ताकद गाडी तोडते. हा मेळ कसा साधतात, आणि घरातली मुले दोन खेळण्यांतल्या इंजिनांवर तो स्वतः कसा पाहू शकतात, ते या लेखात सांगायचे आहे.

घाटाचा हिशोब

आपल्या महाराष्ट्रात याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे कर्जत ते लोणावळा हा बोरघाट आणि कसारा ते इगतपुरी हा थळघाट. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली, थळघाटातून १८६५ साली. बोरघाटात गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढते. दोन्ही घाटांतला जास्तीत जास्त चढ १ ला ३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असते. तिथे हा चढ फार मोठा ठरतो.

हिशोब सोपा आहे. १ ला ३७ च्या चढावर प्रत्येक टन वजनाला, म्हणजे १००० किलोला, सुमारे २७ किलोची जास्तीची ओढ लागते. समजा, ५८ वाघिणींची भरलेली मालगाडी ५००० टनांची आहे. ५००० भागिले ३७, म्हणजे १३५ टनांची ओढ फक्त चढासाठी हवी. डब्ल्यूएजी-७ हे मालगाडीचे परिचित इंजिन १२३ टन वजनाचे आणि ५००० अश्वशक्तीचे आहे. सुरुवातीला ते जास्तीत जास्त ४२ टनांच्या आसपास ओढ देऊ शकते. त्यापेक्षा जास्त जोर लावला तर चाके जागच्या जागी फिरू लागतात. पावसाळ्यात रूळ ओले झाले की ही पकड आणखी कमी होते. म्हणून इंजिनातून चाकांपुढे रुळावर वाळू सोडण्याची सोय असते.

तेव्हा अशा गाडीला पाच इंजिने लावली असे धरू. इंजिनेही स्वतःचे वजन घेऊन चढतात. पाच इंजिनांचे ६१५ टन मिळवले की एकूण ५६१५ टन झाले. त्यांना ओढ लागते १५२ टन. पाचांत वाटली तर प्रत्येकी ३० टन. त्यातले ३ टन स्वतःलाच वर नेण्यात जातात. गाडीच्या कामी येतात २७ टन. पाच सत्तावीस एकशे पस्तीस. हिशोब जुळला.

मागून कशासाठी ढकलायचे?

आता प्रश्न असा की, ही पाचही इंजिने पुढेच का लावत नाहीत? पुढे लावली तर १३५ टनांची सगळी ओढ एकाच कपलिंगवर येते. इंजिन आणि पहिली वाघीण यांना जोडणारा तो लोखंडी आकडा सगळ्या गाडीचा भार एकटा सोसणार. थोडा जरी झटका बसला तरी तो तुटण्याची भीती. चढावर कपलिंग तुटले तर मागचे डबे उताराला लागतील. म्हणून घाटात मागून इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात.

वरच्याच उदाहरणात दोन इंजिने पुढे आणि तीन मागे लावू. पुढची दोन ५४ टन ओढतील, मागची तीन ८१ टन ढकलतील. पुढच्या कपलिंगवरचा भार १३५ वरून एकदम ५४ वर आला. आणखी एक गंमत पाहा. पुढच्या इंजिनांची ओढ वाघिणीगणिक कमी होत जाते आणि साधारण तेविसाव्या वाघिणीपाशी संपते. तिथून मागे सगळ्या वाघिणी मागून दाबल्या जात असतात. त्या तेविसाव्या वाघिणीच्या जोडावर ना ओढ असते ना दाब. चढणारी गाडी आपल्याला एकसंध दिसते, पण तिचा पुढचा भाग ताणलेला आणि मागचा भाग दाबलेला असतो.

म्हणूनच मेळ लागतो. पुढच्या ड्रायव्हरने ब्रेक लावला आणि मागच्याला ते कळलेच नाही, तर मधल्या वाघिणी दोन्ही बाजूंनी दाबल्या जातील. रिकामी, हलकी वाघीण अशा वेळी रुळावरून उचलली जाते. उलट मागचे बँकर ढिले पडले तर सगळा भार पुढच्या कपलिंगवर येतो. घाटात पुढच्या आणि मागच्या इंजिनांवर वेगवेगळे कर्मचारी असतात. पूर्वी ते शिट्ट्यांच्या ठरलेल्या खुणांनी एकमेकांशी बोलत. नंतर वॉकी-टॉकी आले. धो धो पावसात, बोगद्यामागून बोगदे ओलांडताना, अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतरावरच्या न दिसणाऱ्या सहकाऱ्याशी मेळ ठेवायचा हे काम किती जोखमीचे आहे, याची कल्पना वाचकांनी करावी.

उतरताना जोखीम आणखी वाढते. तेव्हा इंजिनांचे काम ओढण्याचे राहत नाही, गाडी धरून ठेवण्याचे असते. बोरघाटात मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी उतरत्या गाड्या थांबवून ब्रेक तपासले जातात. तिथे कॅच सायडिंगची व्यवस्था आहे. गाडी आवरली नाही तर सांध्यावरून ती चढणाऱ्या आडमार्गावर जाते आणि तिथे तिचा वेग मारला जातो.

खेकडा आणि कर्जतचा वडा

घाटात विजेची इंजिने आली ती १९२८ च्या सुमारास. स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधलेल्या या मालगाडीच्या इंजिनांची चाके बाहेरून दांड्यांनी जोडलेली होती. चालताना त्या दांड्यांची हालचाल आणि कण्हल्यासारखा आवाज यांमुळे कामगारांनी त्याला नाव दिले 'खेकडा'. त्यातले पहिले इंजिन 'सर लेस्ली विल्सन' या नावाचे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या हेरिटेज गल्लीत ते जपून ठेवण्यात आले. १९७० च्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यातली डब्ल्यूसीजी-२ इंजिने बँकर म्हणून आली. पुढे घाटातली १५०० व्होल्टची डीसी वीज जाऊन २५ हजार व्होल्टची एसी वीज आली आणि इंजिनांची पिढीही बदलली.

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती मुख्यतः बँकर जोडण्यासाठी. त्या थांब्यावर कर्जतच्या बटाटेवड्याचा धंदा उभा राहिला आणि कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. २०१९ साली मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणाऱ्या राजधानी गाडीला पुढे एक आणि मागे एक असे इंजिन कायमचे लावले गेले. पुढचा ड्रायव्हर दोन्ही इंजिने एकटाच चालवतो, त्यामुळे कसाऱ्याला बँकरसाठी थांबावे लागत नाही. प्रवाशांचा वेळ वाचला हे चांगलेच. पण इंजिन जोडण्याची पद्धत बदलली की फलाटावर पाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या पोटावरही त्याचा परिणाम होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

एका हातात सर्व इंजिने

एका माणसाने अनेक मोटारी चालवायच्या ही युक्ती अमेरिकेतील फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने १८९७ मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेवर यशस्वी केली. युक्ती अशी की, पुढच्या दांड्यातून मोटारींची मोठी वीज न्यायचीच नाही. फक्त हलक्या विजेचा इशारा तारेतून सगळ्या डब्यांना पाठवायचा. प्रत्येक मोटार डबा तो इशारा मिळाला की आपापली वीज आपापल्या मोटारींना देतो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली लोकल धावली ती याच तत्त्वावर. आपल्या मार्गावर १९२८ साली बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली विरारपर्यंत वीज आली. म्हणजे भाईंदरकर १९३६ पासून या युक्तीचा लाभ घेत आहेत.

मालगाडीला शेजारी शेजारी दोन इंजिने असली तर त्यांना जोडकेबल लावून एकच ड्रायव्हर चालवतो. पण इंजिने गाडीत दूर दूर असली तर मधल्या वाघिणींतून केबल नेता येत नाही. तिथे आता बिनतारी इशारा वापरतात. पुढचे इंजिन रेडिओवरून हुकूम देते आणि मधली व मागची इंजिने तो पाळतात.

याचा मोठा फायदा ब्रेकला होतो. गाडीचे ब्रेक नळीतल्या हवेचा दाब कमी करून लागतात. हा दाबाचा इशारा हवेतून आवाजापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. साडेतीन किलोमीटरच्या गाडीत तो शेवटपर्यंत पोचायला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्यात दीडशे मीटरच्या पुढे जाते. रेडिओचा हुकूम मात्र तत्काळ पोचतो आणि सगळी इंजिने आपापल्या जागेवरून एकाच वेळी दाब कमी करतात.

अशा लांब गाड्या आपल्याकडे चालल्या आहेत. २०२० च्या जुलैमध्ये दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाने चार रिकाम्या मालगाड्या जोडून २.८ किलोमीटर लांबीची, २५१ वाघिणींची 'शेषनाग' चालवली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी कोरबाहून राजनांदगावकडे 'सुपर वासुकी' निघाली. तिला २९५ वाघिणी, सहा इंजिने, सुमारे २७ हजार टन कोळसा आणि साडेतीन किलोमीटर लांबी. ७ ऑगस्ट २०२५ रोजी 'रुद्रास्त्र' ही साडेचार किलोमीटरची गाडी ३५४ वाघिणी आणि सात इंजिनांसह उत्तर प्रदेशातील गंजख्वाजाहून झारखंडमधील गढवा रोडला गेली. जगातला मोठा विक्रम ऑस्ट्रेलियाचा. २१ जून २००१ रोजी तिथे ६८२ वाघिणींची, सात किलोमीटरहून लांब लोहखनिजाची गाडी आठ इंजिनांनी ओढली आणि ती एकट्या ड्रायव्हरने चालवली.

नाण्याची दुसरी बाजू

चार-पाच गाड्यांचे काम एका गाडीत झाले म्हणजे मार्ग मोकळा राहतो आणि खर्च वाचतो. परंतु कष्टकरी माणसाने हा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे.

साडेतीन किलोमीटरची गाडी ताशी ४० किलोमीटरने गेली तर एखाद्या फाटकावरून जायला तिला सव्वापाच मिनिटे लागतात. फाटकापाशी अडकलेली गाडी रुग्णाला घेऊन निघालेली असू शकते. स्टेशनातला बाजूचा रूळ साधारण सातशे मीटरचा, नेहमीच्या मालगाडीच्या मापाचा. ही लांब गाडी तिथे मावत नाही. वाटेत ती बिघडली तर मुख्य मार्ग अडतो. मधल्या एखाद्या वाघिणीचे कपलिंग तुटले तर सहायक ड्रायव्हरला खडीवरून दीड-दोन किलोमीटर चालत जाऊन पाहावे लागणार. मग ती रात्र असो की पाऊस. शिवाय चार-पाच गाड्यांवर जेवढे कर्मचारी लागले असते तेवढे एका गाडीवर लागत नाहीत. जबाबदारी मात्र तेवढ्याच माणसांच्या डोक्यावर येते. तेव्हा लांब गाड्या जरूर चालाव्यात, पण वाचलेल्या खर्चातला वाटा विश्रांती, सुरक्षा आणि पुरेशी भरती यांनाही मिळाला पाहिजे. विक्रमाच्या बातमीत इंजिनांची संख्या छापून येते. माणसांचीही यावी.

टेबलावरचा घाट

आता मुलांकडे वळू. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी सुरू झाले. खऱ्या रेल्वेच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याच्या मापाच्या गाड्या तिथे सिग्नल, पूल आणि स्टेशनांमधून धावतात. मंडळाची किंवा अभ्यासिकेची सहल काढायची असेल तर आधी वेळ विचारून जरूर जावे. या मापात ५८ वाघिणींची गाडी आठ मीटर भरते आणि सुपर वासुकी चाळीस मीटर. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती मावणार नाही, पण एखाद्या सभागृहात मावेल.

छोट्या गाड्यांचा शौक असणारे लोकही दोन-तीन इंजिने जोडून लांब मालगाड्या ओढतात. त्यांनाही घाटातल्या ड्रायव्हरचेच प्रश्न पडतात. जुन्या पद्धतीत १२ व्होल्टपर्यंतची वीज थेट रुळांतून जाते, म्हणून रुळावरची सगळी इंजिने एकदम चालतात. पण एकाच कारखान्यातली दोन इंजिनेही अगदी सारख्या वेगाने चालत नाहीत. वेगवान इंजिन मंद इंजिनाला ओढत नेते आणि त्यातच त्याची शक्ती वाया जाते. नव्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि तिला नंबर असतो. दोन-तीन इंजिनांचा गट करून एकच हुकूम देता येतो, आणि प्रत्येकाचा वेग कमीजास्त करून आधी मेळ घालून घेता येतो. सगळी इंजिने पुढे लावून लांब, हलकी गाडी वळणावरून ओढली तर मधले डबे वळणाच्या आत कोसळतात. म्हणून जड डबे पुढे ठेवतात किंवा एक इंजिन मध्ये घालतात.

ती डिजिटल इंजिने महाग असतात हे खरे. पण तत्त्व समजून घ्यायला बाजारातली सेलवर चालणारी साधी गाडी पुरते. शेजारच्या दोन घरांनी सारख्याच जातीची एकेक गाडी आणली की प्रयोगाची तयारी झाली. रूळ सरळ जोडता येतील असा संच पाहावा.

पहिला प्रयोग: सपाट जमिनीवर एका इंजिनाला डबे जोडत जा आणि डब्यांत नाणी टाकत जा. इंजिनाची चाके जागीच फिरू लागली की थांबा. किती नाणी झाली ते वहीत लिहा. मग इंजिनाच्या टपावर थोडे वजन चिकटवून पुन्हा पाहा. वजन वाढले की पकड वाढते हे दिसेल.

दुसरा प्रयोग: ३७ इंच लांब फळी घ्या आणि तिच्या एका टोकाखाली एक इंच जाडीचे पुस्तक ठेवा. झाला बोरघाट! त्यावर रूळ मांडून तेच इंजिन चढवा. आता किती नाणी ओढली? सपाटीच्या आकड्याशी ताडून पाहा.

तिसरा प्रयोग: दोन्ही इंजिने पुढे लावा, मग एक पुढे आणि एक मागे लावा. नाणी बरोबर दुप्पट होतात का? मागून ढकलताना डब्यांचे आकडे सुटतात का? शेवटी एका इंजिनात जुने सेल घालून पाहा. दोघांचा मेळ बिघडला की काय होते ते मुलांना कोणी सांगावे लागणार नाही.

हे करताना मुलीला बाजूला बसवून मुलालाच खेळू देऊ नये. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विजेची पदविका घेऊन १९८० च्या दशकात रेल्वेत आल्या आणि देशातल्या पहिल्या महिला ट्रेन ड्रायव्हर झाल्या. त्यांनी मालगाड्या चालवल्या, लोकल चालवल्या आणि २०१० साली खास प्रशिक्षण घेऊन घाटात दोन इंजिनांच्या गाड्याही चालवल्या. २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन त्याच आल्या. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

दांडा कोणाच्या हातात?

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच जन्म घालवतो, वरच्या जागेची त्याला संधी नाही, हे दुखणे त्यांनी तिथे मांडले होते. रूळ ज्यांनी सांभाळले त्यांच्या नातवंडांना आज इंजिनाचा दांडा हाती घेता येतो. सहायक लोको पायलटच्या भरतीला दहावीबरोबर आयटीआयचा ठराविक ट्रेड किंवा अभियांत्रिकी पदविका लागते. परीक्षा रेल्वे भरती मंडळ घेते आणि ती मराठीतूनही देता येते. नजर मात्र चष्म्याशिवाय चांगली लागते आणि रंग ओळखण्याचीही कसोटी असते. म्हणून क्लासची फी भरण्याआधी मुलाचे डोळे तपासून घ्यावेत. पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला दारातही उभे करू नये.

येत्या रविवारी दोन घरांनी मिळून ही फळी मांडावी. नाण्यांचा हिशोब मुलांनी वहीत लिहावा आणि मोठ्यांनी तो तपासावा. दोन इंजिनांचे आकडे बेरजेपेक्षा कमी आले तर ते का आले, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.